पाच पानांची भरती

यंदा ग्वाल्हेरच्या जनकगंजातल्या आमच्या गणपतीच्या आराशीत मूर्तीमागे नारिंगी दिव्यांचं एक फिरतं चक्र लावलं होतं. मंडळाच्या मुलांनी ते सुदर्शन म्हणून केलेलं. पण पहिल्याच रात्री आरतीला आलेल्या एका चिमुरड्यानं आईचा पदर ओढून विचारलं, "यातून डॉक्टर स्ट्रेंज येणार का?"

झालं. डॉक्टर स्ट्रेंज हा मार्व्हल या अमेरिकन कॉमिक्स कंपनीचा जादूगार; सिनेमात तो असल्याच नारिंगी चक्रातून ये-जा करतो. खिरापत वाटून झाल्यावर सतरंजीवर जी मंडळी रेंगाळली, त्यांच्यात जुंपली. माझा भाचा सिनेमावाला. मार्व्हलचा प्रत्येक सिनेमा पहिल्या दिवशी, तोही हिंदीत. त्याचा मित्र पुण्याच्या चुलतभावाकडून जुन्या कॉमिक्सचे संग्रह मागवून वाचणारा. त्याचं म्हणणं एकच : सिनेमानं मूळ पात्राची वाट लावली. भाच्याचं उत्तरही एकच : सिनेमा आला नसता तर तुझ्या त्या मूळ पात्राला कुत्रं विचारत नव्हतं. दोघं मराठीत सुरुवात करतात आणि चिडले की हिंदीत शिरतात, ही तर ग्वाल्हेरची रीतच आहे. शेवटी "मामा, तुम्ही सांगा" असं माझ्यावर आलं. मी इंद्रजाल कॉमिक्सच्या पिढीतला, त्यामुळे मला या विषयातलं कळतं असा दोघांचा समज. मला इतकंच म्हणायचं होतं की 'मूळ' हा शब्दच या डॉक्टरच्या बाबतीत फार जपून वापरावा लागतो. तेवढ्यात मांडव आवरायची वेळ झाली, म्हणून जे राहिलं ते इथे लिहितो.

मार्व्हलच्या 'स्ट्रेंज टेल्स' या मासिकाच्या ११०व्या अंकात, ज्यावर जुलै १९६३ असं छापलेलं आहे, हा माणूस पहिल्यांदा दिसला. मुखपृष्ठावरचा मानकरी होता ह्यूमन टॉर्च हा दुसराच नायक. स्ट्रेंजच्या वाट्याला मागची पाच पानं आली होती. गोष्ट साधीच. एका माणसाला रोज तेच स्वप्न पडतं, झोप लागत नाही, म्हणून तो मदत मागायला येतो. स्ट्रेंज त्याच्या स्वप्नात शिरतो, तिथे नाइटमेअर नावाच्या स्वप्नांच्या स्वामीशी गाठ पडते आणि त्या माणसानं केलेली लबाडी उघडी होते. हा जादूगार कोण, डॉक्टर कशाचा, कुठून आला, याचा पत्ता नाही. संपादक-लेखक स्टॅन ली यांनी जानेवारी १९६३मध्ये एका चाहत्याला पाठवलेलं पत्र प्रसिद्ध आहे. नवं पात्र येतंय, जागा भरायला पाच पानांची भरती आहे, पहिली गोष्ट काही खास नाही, कल्पना स्टीव्हची, असा त्याचा सूर. हा स्टीव्ह म्हणजे चित्रकार स्टीव्ह डिट्को, ज्यानं आदल्याच वर्षी लींबरोबर स्पायडरमॅन घडवला होता. नाव आधी 'मिस्टर स्ट्रेंज' ठरत होतं, पण घरात, म्हणजे मार्व्हलमध्येच, 'मिस्टर फँटॅस्टिक' असल्यामुळे मिस्टरचा डॉक्टर झाला. म्हणजे ज्या पदवीवर पुढे सगळी शस्त्रक्रिया आणि अपघाताची कथा उभी राहिली, ती आली नावातला घोटाळा टाळायला.

ती कथा आली ११५व्या अंकात, डिसेंबर १९६३मध्ये, आठ पानांत. पैशाला हपापलेला, गर्विष्ठ सर्जन. मोटार अपघातात हातांच्या नसा गेल्या. दुसऱ्या सर्जनच्या हाताखाली काम करणं कमीपणाचं वाटतं म्हणून तो ते नाकारतो आणि गोदीत भणंगासारखा फिरू लागतो. तिथे खलाशांच्या तोंडून हिमालयातल्या एका प्राचीन गुरूबद्दल ऐकतो. गुरू हात बरे करून देत नाही. मात्र गुरूचाच शिष्य मॉर्डो विश्वासघात करतोय हे स्ट्रेंजच्या लक्षात येतं आणि ते कुणाला सांगता येऊ नये म्हणून मॉर्डो मंत्रानं त्याची वाचा बांधतो. तेव्हा गुरूला वाचवायचा एकच मार्ग उरतो : आपणही शिष्य व्हायचं. मला ही आठ पानं सिनेमाच्या पहिल्या तासापेक्षा सरस वाटतात, हे भाच्यानं वाचू नये. सिनेमात त्याला स्वतःचं दुःख विसरायला बराच वेळ लागतो; कॉमिक्समध्ये दुसऱ्याचा जीव धोक्यात दिसला आणि माणूस एका क्षणात वळला.

पण खरी करामत चित्रांची. लींनी त्याला 'होअरी होस्ट्स ऑफ हॉगथ' अशा खणखणीत अनुप्रासाच्या शपथा दिल्या, ज्यांना काही अर्थ नव्हता आणि असण्याची गरजही नव्हती. तो ज्या दैवी त्रयीचा धावा करतो तिचं नाव 'विशांती'. मराठी वाचकाला इथे 'विश्रांती'चा 'र' खाल्ल्यासारखा वाटतो. डिट्कोनं मात्र असं जग काढलं जे आधी कुणी काढलं नव्हतं. अधांतरी वळणारे रस्ते, कुठेच न उघडणारी दारं, जबड्यातून आत जाणाऱ्या वाटा, वर-खाली असं काही नाहीच. आणि हात! मुद्रा धरल्यासारखी वाकवलेली बोटं. सिनेमावाल्यांनी ती बोटं इतकी मनावर घेतली की नटांच्या हातांना वळण लावायला बोटांचं नृत्य करणारा कलाकार आणला. अमेरिकेतल्या तेव्हाच्या कॉलेजातल्या मुलांना वाटलं, हा चित्रकार नक्की काहीतरी ओढत असणार. ऑक्टोबर १९६५मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत नाच-गाण्याचा एक जलसा डॉक्टर स्ट्रेंजच्या नावानं झाला. १९६८मध्ये पिंक फ्लॉइड या इंग्लिश बँडच्या दुसऱ्या तबकडीच्या वेष्टनावर त्याचं चित्र अंधुक मिसळलेलं दिसतं. प्रत्यक्षात डिट्को हा एकलकोंडा, आयन रँड या व्यक्तिवादी लेखिकेची तत्त्वं मानणारा, हिप्पींपासून चार हात लांब असलेला माणूस. १९६६मध्ये १४६व्या अंकानंतर तो मार्व्हल सोडून गेला.

त्यानंतर कॉमिक्सचं चढ-उताराचं चाललं. १९६८मध्ये मासिक त्याच्या नावावर झालं, पुढच्याच वर्षी बंद पडलं. १९७३मध्ये स्टीव्ह एंगलहार्ट आणि फ्रँक ब्रुनर यांनी त्याला पुन्हा उभं केलं, गुरूला मारून शिष्याला गादीवर बसवलं. मित्राच्या संग्रहात हा भाग आहे, त्यानं भाच्याला वाचायला द्यावा.

आता 'मूळ' या शब्दाकडे येतो. १९६३ हे तरी मूळ का? स्टॅन ली लहानपणी रेडिओवर 'चंदू द मॅजिशियन' ऐकायचे. ही मालिका १९३१ची. चंदू म्हणजे फ्रँक चँडलर नावाचा अमेरिकन, जो भारतात एका योग्याकडून गुप्तविद्या शिकून जातो. १९३२मध्ये त्यावर सिनेमाही निघाला, खलनायक बेला लुगोसी. १९३४मध्ये ली फॉक यांचा जादूगार मँड्रेक आला. आमच्या पिढीला तो इंद्रजालमधून भेटला. हिंदी अंक इथे महाराज बाड्यावर मिळायचे, मराठी अंक सुटीत पुण्याच्या मावशीकडे. वेताळ एक नंबर, मँड्रेक दोन, यावर तेव्हा आमच्यात एकमत असे. तर हा मँड्रेकसुद्धा हिमालयातल्या जादूच्या विद्यापीठात शिकलेला. १९३३मध्ये जेम्स हिल्टन यांच्या कादंबरीनं शांग्री-ला या तिबेटातल्या काल्पनिक खोऱ्याचं नाव जगाला दिलं. आणि खुद्द मार्व्हलनं १९६१मध्येच डॉक्टर ड्रूम नावाचा एक डॉक्टर तिबेटात लामाकडे पाठवून जादूगार करून आणला होता. तो चालला नाही. दोन वर्षांनी तेच बी पुन्हा पेरलं.

आणखी मागे गेलं तर १८७५मध्ये न्यूयॉर्कला स्थापन झालेली थिऑसॉफिकल सोसायटी लागते. तिच्या संस्थापकांपैकी मॅडम ब्लाव्हाट्स्की यांचा दावा होता की तिबेटकडे राहणारे महात्मे त्यांना ज्ञान देतात. गोरा माणूस, हरवलेलं काहीतरी, हिमालय, वृद्ध गुरू, आणि परत येऊन जगाचं रक्षण : हा साचा तिथून चालत आलाय. आपला हिमालय या गोष्टींमध्ये एखाद्या कोचिंग क्लाससारखा असतो. जायचं, कोर्स करायचा, निघायचं.

ग्वाल्हेरात बसून हे वाचताना मला हसू येतं ते आमच्या हजिरा भागामुळे. तानसेनची समाधी बघायला, तिथली चिंचेची पानं चघळायला आपण पाहुण्यांना नेतो. तिच्या शेजारी घुमटाची जी भली मोठी इमारत आहे, जिच्या दगडी जाळ्यांतून दुपारी उजेडाची नक्षी आत पडते, ती म्हणजे मोहम्मद गौस यांचा मकबरा. शत्तारी पंथाचे हे सूफी, निधन १५६३च्या सुमाराचं. त्यांचा 'जवाहिर-ए-खम्सा' हा ग्रंथ म्हणजे नामांचं आवाहन, जप, ग्रह आणि अदृश्य शक्ती यांची पद्धतशीर मांडणी. योगावरच्या 'अमृतकुंड' या ग्रंथाचं त्यांनी केलेलं फारसी रूप 'बह्र-उल-हयात' नावानं ओळखलं जातं. त्याची आसनांची चित्रं असलेली मुघलकालीन प्रत आज डब्लिनच्या संग्रहालयात आहे. आपण देहासह सात आसमानं ओलांडून गेलो, असा अनुभव त्यांनी सांगितला, तेव्हा गुजरातेतल्या उलेमांनी त्यांच्यावर पाखंडाचा ठपका ठेवला. त्यांचे भाऊ शेख फूल हुमायूनच्या मर्जीतले. म्हणजे गूढविद्येचा अभ्यासक, आकाशापलीकडचा प्रवास, दरबारातलं राजकारण, सगळं आपल्या गावात आहे. भाच्यानं तिथे चार वेळा जाऊन फक्त सेल्फी काढलेत. मार्व्हलनं हे वाचून स्ट्रेंज केला, असं मुळीच म्हणायचं नाही. पण विद्येचा शोध घ्यायला धुक्यातलं खोरं आणि पांढऱ्या दाढीचा निनावी म्हातारा लागतो, हा जो पाश्चात्त्यांचा समज, त्यापेक्षा खऱ्या माणसांच्या गोष्टी किती गुंतागुंतीच्या असतात ते इथे कळतं.

पडद्याची गोष्ट लांबलेली आहे. ६ सप्टेंबर १९७८ला अमेरिकन टीव्हीवर पहिला 'डॉक्टर स्ट्रेंज' आला, पीटर हूटन नायक. त्यात तो मनोविकारतज्ज्ञ होण्याचं शिक्षण घेणारा डॉक्टर. मालिका काढायचा बेत होता, प्रेक्षक मिळाले नाहीत, विषय संपला. पुढे वर्षानुवर्षं हक्क एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिले. एका कंपनीनं तर तयारी केली, हक्कांची मुदत संपली, म्हणून नाव बदलून १९९२मध्ये 'डॉक्टर मॉर्ड्रिड' काढून टाकला. एक गंमत : २००४च्या दुसऱ्या स्पायडरमॅन सिनेमात खलनायकाला काय नाव द्यायचं याचा खल वर्तमानपत्राच्या कचेरीत चालतो, कुणीतरी 'डॉक्टर स्ट्रेंज' सुचवतो आणि संपादक म्हणतो, छान आहे, पण ते घेतलेलं आहे. दिग्दर्शक सॅम रायमी. त्याच रायमींनी २०२२मध्ये या डॉक्टरचा दुसरा सिनेमा केला.

पहिला स्कॉट डेरिक्सन यांचा, नोव्हेंबर २०१६चा, बेनेडिक्ट कंबरबॅच यांचा. जगभरात सुमारे ६७ कोटी डॉलरचा धंदा आणि दृश्यपरिणामांसाठी ऑस्करचं नामांकन. यात कॉमिक्समधलं गुरूचं हिमालयातलं गुप्त ठिकाण, कमर-ताज, काठमांडूच्या भर गल्लीत आणलं. (हिंदीत सिनेमा पाहणाऱ्या आमच्या पोरांना 'कमर' म्हणजे कंबरच वाटते आणि ती अजून हसतात. उर्दूतला 'क़मर' म्हणजे चंद्र, हे मी दरवर्षी सांगतो.) पशुपतिनाथ, स्वयंभूनाथ, पाटणचा चौक, सगळं एप्रिल २०१५च्या भूकंपानंतर त्याच वर्षाच्या शेवटी चित्रित झालेलं.

वादाची जागा गुरूची. कॉमिक्समधल्या तिबेटी म्हाताऱ्याच्या जागी टिल्डा स्विंटन आल्या. पौर्वात्य गुरूचं घासून गुळगुळीत झालेलं चित्र टाळायचं होतं, असं दिग्दर्शकाचं म्हणणं; पण पटकथाकारांपैकी एकानं तिबेटी पात्र ठेवलं तर चीनचा प्रेक्षक दुखावेल हेही बोलून दाखवलं. जुनी खोड झाकायला गेले आणि आशियाई माणूसच चित्रातून गेला. मित्राचा राग इथे मला पूर्ण पटतो. पण स्ट्रेंजच्या साथीदाराचं, वाँगचं, उलट झालं. कॉमिक्समध्ये तो चहा आणणारा, वाकून नमस्कार करणारा नोकर. सिनेमात ग्रंथपाल, कडक, बरोबरीचा, आणि पुढे तर जगातला मुख्य जादूगारच. इंद्रजालवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. मँड्रेकचा आफ्रिकी साथीदार लोथार आधी चित्त्याचं कातडं नेसून मोडकं बोलायचा. १९६५मध्ये फ्रेड फ्रेडरिक्स यांनी चित्रं हाती घेतल्यावर तो नीट कपड्यांत आला आणि नीट बोलू लागला. मित्राला 'मूळ'च हवं असेल तर त्यानं हा चहाचा ट्रेसुद्धा मागावा.

राहता राहिला शेवट. भाच्याचा सगळ्यात लाडका प्रसंग म्हणजे स्ट्रेंज काळाच्या फेऱ्यात स्वतःला आणि दुसऱ्या मितीतल्या डॉर्मामू या खलनायकाला अडकवतो, पुन्हा पुन्हा मरतो, आणि "मी सौदा करायला आलोय" म्हणत राहतो. हे कॉमिक्समध्ये असूच शकत नाही, अशी त्याची पैज होती. काळाचा फेरा सिनेमाचाच, ते खरं. पण नोव्हेंबर-डिसेंबर १९६४च्या १२६ आणि १२७ या अंकांमध्ये स्ट्रेंज पहिल्यांदा डॉर्मामूच्या प्रदेशात जातो. लढता लढता डॉर्मामूची ताकद ओसरते, त्यानं रोखून धरलेले अविचारी राक्षस भिंत फोडून बाहेर पडू लागतात, आणि त्या प्रदेशातल्या निष्पाप लोकांसाठी स्ट्रेंज आपली शक्ती शत्रूलाच उसनी देतो. डॉर्मामू ऋणी होतो. ऋणाची किंमत म्हणून स्ट्रेंज वचन मागतो : पृथ्वीकडे फिरकायचं नाही. सौदाच तो, बावन्न वर्षं आधीचा.

विसर्जनाच्या आदल्या रात्री मित्रानं तो भाग आणला, तिघांनी मिळून वाचला. पुस्तक मिटल्यावर दोघंही एकदमच म्हणाले, "बघा मामा, मी काय म्हणत होतो!"