दोन डोलकाठ्यांचं ओझं

१७९५ चा जानेवारी. ‘द ब्राक’ हे डच नौदलाचं छोटंसं जहाज इंग्लंडच्या फालमथ बंदरात नांगर टाकून होतं. बटाव्हियाकडे (आजच्या जकार्ताकडे) जाणाऱ्या व्यापारी जहाजांची राखण करायला ते निघालं होतं. तेवढ्यात मागे मायदेशातलं राज्यच पालटलं. फ्रेंच फौजा गोठलेल्या नद्या ओलांडून हॉलंडमध्ये घुसल्या आणि तिथला राज्यप्रमुख पाचवा विल्यम इंग्लंडला पळून आला. ब्रिटिशांनी आपल्या बंदरांतली डच जहाजं आधी अडकवून ठेवली, मग खिशात घातली. ‘द ब्राक’ असं बसल्या जागी हाती लागलं. लढाई वगैरे काही झाली नाही.

ब्राक म्हणजे शिकारी कुत्रा. जहाज मुळात ‘कटर’ जातीचं, म्हणजे एकच उंच डोलकाठी आणि अंग चपळ. ब्रिटिशांनी त्याची दुरुस्ती काढली आणि एकाच्या दोन डोलकाठ्या करून त्याचं ‘ब्रिग’ बनवलं. वर २४ पौंडी गोळ्याच्या १६ कॅरोनेड चढवल्या. कॅरोनेड ही स्कॉटलंडच्या कॅरन कारखान्यात जन्मलेली आखूड तोफ. लांब तोफेच्या मानाने ती हलकी, पण गोळा चांगला अकरा किलोचा आणि मारा जवळून. हलकी म्हटलं तरी एकेकीचं वजन सहाशे किलोंच्या वर. सोळा तोफांचे झाले दहाएक टन, आणि तेही सगळे डेकवर.

होडीत उभ्या राहणाऱ्या पोरावर तांडेल ‘बस खाली!’ म्हणून का खेकसतो? होडीचं वजन एका बिंदूतून खाली ओढतं, पाण्याची उचल दुसऱ्या बिंदूतून वर ढकलते. होडी कलली की कललेली बाजू जास्त बुडते आणि उचलीचा बिंदू त्या बाजूला सरकतो. मग हे दोन जोर मिळून होडीला पुन्हा सरळ करतात. पण वजनाचा बिंदू जितका वर, तितका हा सरळ करणारा जोर कमी. म्हणून तर कोकणातली गलबतंही तळाशी नीरम, म्हणजे दगड-वाळूसारखं वजन, भरायची. वरचा भार वाढला की शिडावर बसणारा वाऱ्याचा एक फटका जास्त महाग पडतो. त्यात डेकची कड पाण्याखाली गेली आणि पाणी आत शिरलं, तर ते पाणीच कललेल्या बाजूला धावतं. मग खेळ मिनिटांचा.

कप्तान जेम्स ड्र्यूने जून १७९७ मध्ये जहाजाचा ताबा घेतला. १७९८ च्या वसंतात ते अमेरिकेला निघालेल्या ताफ्याच्या संरक्षणाला गेलं. अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांच्या बाजूला ताफ्यापासून सुटलं आणि वाटेत तांबं नि कोको भरलेलं एक स्पॅनिश जहाज त्याने पकडलं. २५ मे १७९८ रोजी अमेरिकेतल्या डेलावेअर राज्याच्या केप हेनलोपेन या भूशिराजवळ वाऱ्याचा अचानक झोत आला आणि ‘द ब्राक’ कलंडून बुडालं. कप्तान आणि कितीतरी खलाशी गेले. काठ्या-शिडं-तोफांनी जहाज डोईजड झालं असावं, असा अभ्यासकांचा कयास आहे. ब्रिटिश नौदलात त्याने पुरती अकरा-बारा महिन्यांची चाकरी केली.

स्पॅनिश जहाज पकडलं म्हणजे सोनं असणारच, अशी आवई उठली आणि ती पावणेदोनशे वर्षं टिकली. अखेर १९८४ मध्ये ‘सोनार’ या ध्वनिलहरींनी शोध घेणाऱ्या यंत्राने जहाज सापडलं. ११ ऑगस्ट १९८६ च्या रात्री दिव्यांच्या झोतात सांगाडा केबलने वर ओढला गेला. त्याला आधार द्यायला पाळणा नव्हता. ओढताना आतल्या वस्तू निसटून पुन्हा समुद्रात पडल्या. पुरातत्त्वाच्या दृष्टीने ही निव्वळ हेळसांड होती. त्यावर इतका गदारोळ झाला की बुडालेल्या जहाजांच्या संरक्षणासाठी अमेरिकेत कायदा आला, त्यामागे या प्रकरणाचा मोठा हात होता.

खजिना? काही शे नाणी मिळाली, मोहिमेचा खर्चही त्यातून निघाला नाही. बाकी हजारो वस्तू निघाल्या त्या बूट, लोकरीची टोपी, ‘केचप’ असं लिहिलेली बाटली अशा. आणि एक सोन्याची अंगठी. तिच्यावर लाडक्या भावाच्या स्मरणार्थ मजकूर कोरलेला: कॅप्टन जॉन ड्र्यू, ११ जानेवारी १७९८ रोजी बुडून मृत्यू. जेम्सचा हा भाऊ. तो बुडाल्यावर साडेचार महिन्यांत अंगठी घातलेला भाऊही बुडाला.

सांगाड्याचा उरलेला भाग मात्र अजून सुकू दिलेला नाही. गाळात हवा पोचत नाही, म्हणून लाकूड पोखरणारे जीव तिथे फारसे टिकत नाहीत. पण सूक्ष्मजंतू हळूहळू लाकडातलं सेल्युलोज खातात आणि रिकाम्या पेशींत पाणी भरतं. ते पाणी उडालं की पृष्ठताणाने पेशींच्या भिंती आत ओढल्या जातात, लाकूड आक्रसतं, तडकतं. स्वीडनच्या ‘वासा’ या जहाजात पाण्याच्या जागी मेणासारखं रसायन मुरवायला १७ वर्षं फवारणी करावी लागली होती. ‘वासा’सुद्धा डोईजड होऊनच बुडालं होतं, पहिल्याच सफरीत. ‘द ब्राक’च्या नशिबी ते रसायन आलेलं नाही. केप हेनलोपेनच्या उद्यानातल्या एका इमारतीत त्याच्या फळ्यांवर साध्या पाण्याचे फवारे उडत असतात.