चॅम्पियनशिपमधली मध्यम पल्ल्याची रेस: डावपेच आणि निकाल

चॅम्पियनशिप रेस म्हणजे ऑलिम्पिक, जागतिक अजिंक्यपद, आशियाई, राष्ट्रकुल अशा स्पर्धांमध्ये पदकासाठी होणारी रेस, आणि मध्यम पल्ला म्हटलं की मुख्यतः ८०० आणि १५०० मीटर. स्टीपलचेस आणि ३००० मीटरही काहीजण यात धरतात, पण या नोंदीत ८०० आणि १५०० हीच दोन अंतरं घेतली आहेत. ८०० म्हणजे ट्रॅकचे बरोबर दोन लॅप, १५०० म्हणजे पावणेचार. अंतर तेच, ट्रॅक तसाच, धावणारेही बऱ्यापैकी तेच, तरी डायमंड लीगमधली (म्हणजे वर्षभर शहरोशहरी होणाऱ्या बड्या स्पर्धांच्या मालिकेतली) १५०० आणि ऑलिम्पिक फायनलची १५०० एकामागोमाग बघितली तर हा वेगळाच खेळ आहे की काय असं वाटतं. कारण सरळ आहे. लीगमध्ये आयोजकांनी ठेवलेला पेसमेकर असतो, म्हणजे सुरुवातीचे लॅप ठरलेल्या वेगाने पुढे धावून देणारा, हल्ली ट्रॅकच्या आतल्या कडेला ठरलेल्या वेगाने पळणारे दिवेही असतात, आणि सगळे वेळेच्या मागे असतात. चॅम्पियनशिपमध्ये पेसमेकर नाही, दिवे नाहीत, आणि पदकं फक्त तीन. तिथे तुमची वेळ किती आली यापेक्षा तुमच्या पुढे किती जण आले एवढंच मोजलं जातं.

१५०० चा पुरुषांचा विश्वविक्रम हिशाम एल गेरूजचा आहे, ३:२६.००, रोम १९९८, आणि तो पेसमेकरच्या मागे धावून झालेला आहे. तोच एल गेरूज २००४ ला अथेन्समध्ये ऑलिम्पिक सुवर्ण जिंकला तेव्हा वेळ होती ३:३४.१८, म्हणजे स्वतःच्या विक्रमापेक्षा आठ सेकंद स्लो, आणि त्या संध्याकाळी कुणालाही त्याचं काही वाटलं नाही.

पुढे राहायचं की मागे

पुढे धावणाऱ्याला हवा कापावी लागते आणि मागे कोण काय करतंय ते दिसत नाही. मागच्याला पुढच्याच्या आडोशाने दम वाचवता येतो, आणि वेग किती ठेवायचा याचा विचारही करावा लागत नाही. म्हणून फायनलला बंदूक वाजली की बऱ्याचदा कुणालाच पुढे जायचं नसतं, बारा जण एकमेकांकडे बघत पहिला लॅप जॉगिंगसारखा काढतात आणि प्रेक्षक वैतागतात. पण मागे राहण्याचीही किंमत आहे. मागे आणि आत असाल तर बॉक्स व्हायची भीती, म्हणजे पुढे एक, बाजूला एक, आतून कठडा, आणि नेमकं सगळे सुटतात तेव्हा तुम्हाला वाटच नाही. बाहेरून धावाल तर वाट मोकळी पण अंतर वाढतं. लेनची रुंदी १.२२ मीटर असते, त्यामुळे एक लेन बाहेरून धावलं की प्रत्येक वळणावर जवळपास पावणेचार मीटर जास्त होतात. १५०० मध्ये सात वळणं येतात, सगळी दुसऱ्या लेनमधून घेतली तर २५ मीटरच्या वर जादा धावणं झालं, म्हणजे या वेगाला साधारण साडेतीन सेकंद, आणि फायनलमध्ये पहिल्या आणि सातव्यात कित्येकदा तेवढाही फरक नसतो.

यातून अनुभवी लोक ज्या जागेसाठी भांडतात ती म्हणजे पुढच्याच्या उजव्या खांद्याजवळ, दुसऱ्या-तिसऱ्या नंबरवर, अर्धं पाऊल बाहेर. तिथून आडोसा मिळतो आणि सुटायला वाटही राहते. त्या जागेवर कोपरं चालतात, ढकलाढकली होते, टीव्हीवर ती फारशी दिसत नाही.

मॉस्को ऑलिम्पिकमध्ये (१९८०) ब्रिटनच्या सेबॅस्टियन को आणि स्टीव्ह ओवेट यांनी याचा जवळजवळ धडाच घालून दिला. ८०० चा विश्वविक्रम कोचा होता, आणि फायनलमध्ये तो बराच वेळ मागे आणि बाहेर राहिला, सुटला तेव्हा उशीर झालेला. ओवेट आधी बॉक्स झाला होता पण धक्के देऊन बाहेर निघाला आणि १:४५.४० ला जिंकला, को १:४५.८५. सहा दिवसांनी १५०० होती, ती ओवेटची रेस, या अंतरावर तो वर्षानुवर्षं हरलाच नव्हता. या वेळी पूर्व जर्मनीच्या युर्गन श्ट्राउबने लांबूनच वेग वाढवला, को त्याच्या मागे चिकटून राहिला, ३:३८.४० ला सुवर्ण. ओवेट तिसरा. दोघांनी एकमेकांची रेस जिंकली.

रिओ २०१६: स्लो रेस

पुरुषांच्या १५०० च्या फायनलला फेव्हरेट होता केनियाचा अॅस्बेल किप्रॉप, त्याची बेस्ट वेळ ३:२६.६९. अमेरिकेचा मॅथ्यू सेंट्रोविट्झ सुरुवातीलाच आतल्या कडेने पुढे आला आणि दुसरं कुणी पुढे येईना म्हणून तिथेच राहिला. पहिले ४०० मीटर ६६ सेकंदांच्या वर, ८०० मीटर २:१६ च्या वर. हा वेग एखादा चांगला शाळकरी मुलगाही धरेल. पुढे राहणं तोट्याचं, असं वर म्हटलं ते इथे उलटं पडतं, कारण इतक्या कमी वेगाला आडोशाचा फायदा उरतच नाही आणि पुढच्याकडे सगळ्यात छोटी वाट असते, शिवाय वेग कधी वाढवायचा ते तोच ठरवतो. मध्ये जिबूतीच्या अयानले सुलेमानने पुढे जायचा प्रयत्न केला, सेंट्रोविट्झने आतून घुसून जागा परत घेतली. शेवटचा लॅप त्याने ५०.६२ मध्ये काढला. एवढ्या वेगात बाहेरून त्याला ओलांडायचं तर मागच्याला ४९ च्या घरात धावावं लागणार, ते कुणाला जमलं नाही. सेंट्रोविट्झ ३:५०.००, अल्जीरियाचा तौफिक मखलूफी ३:५०.११, न्यूझीलंडचा निक विलिस ३:५०.२४. किप्रॉप सहावा.

१९३२ नंतरची ऑलिम्पिकमधली सगळ्यात स्लो विजयी वेळ. त्याच ट्रॅकवर काही आठवड्यांनी पॅरालिम्पिकमध्ये दृष्टिदोष असलेल्यांच्या टी-१३ गटात अब्देललतीफ बाका ३:४८.२९ ला जिंकला आणि पहिले चौघेही ३:५० च्या आत आले, मग काय, तुलना सुरू झाली. ती तुलना तशी फसवी आहे, कारण एक रेस पहिल्यापासून जोरात झाली आणि दुसरी शेवटच्या लॅपला सुरू झाली. बाकाच्या धावण्याचं कौतुक त्याच्या जागी, पण त्यावरून सेंट्रोविट्झला किरकोळ ठरवणाऱ्यांनी ते ५०.६२ बघितलंच नसावं.

त्याच स्पर्धेत बायकांच्या १५०० ची फायनलही अशीच रेंगाळली. तेव्हाची विश्वविक्रमवाली इथिओपियाची गेन्झेबे दिबाबा लांबून सुटली, केनियाची फेथ किप्येगॉन तिच्यामागे गेली आणि शेवटी ओलांडून ४:०८.९२ ला जिंकली. टोकियो आणि पॅरिसलाही सुवर्ण तिचंच, म्हणजे लागोपाठ तीन.

पहिल्यापासून जोर

दुसरा मार्ग म्हणजे सगळ्यांचा दम आधीच काढायचा, म्हणजे शेवटी किक मारायला, म्हणजे अखेरच्या टप्प्यात एकदम वेग वाढवायला, कुणाकडे काही उरत नाही. किकमध्ये कमी पडणाऱ्याला हा एकच मार्ग असतो. जुनं उदाहरण मेक्सिको १९६८ चं. शहर सव्वादोन हजार मीटर उंचीवर, हवा विरळ, अमेरिकेच्या जिम रायनची किक भयंकर. केनियाच्या बेन जिपचोने पहिला लॅप अफाट वेगात ओढला, त्याच्यामागून किप केनो पुढे निघून गेला आणि रायन पोचेपर्यंत अंतर हाताबाहेर गेलं होतं, ३:३४.९१ विरुद्ध ३:३७.८९. एकाच देशाचे दोघे मिळून असा डाव टाकू शकतात, पण जिपचोसारखं स्वतःचं पदक सोडून देणारा रोज भेटत नाही.

नव्या काळात हे काम नॉर्वेच्या याकोब इंगेब्रिग्टसेनने हाती घेतलं. टोकियो ऑलिम्पिकला (झालं २०२१ ला) तो ३:२८.३२ असा ऑलिम्पिक विक्रम करून जिंकला. मग प्रतिस्पर्ध्यांना उत्तर सापडलं, ते असं की त्यालाच पेसमेकर समजायचं. २०२२ ला युजीनच्या जागतिक स्पर्धेत ब्रिटनच्या जेक वाइटमनने शेवटच्या २०० मीटरला त्याला ओलांडलं, आणि स्टेडियममध्ये माइकवर निवेदन करत होते वाइटमनचे वडील, जे त्याचे कोचही होते. २०२३ ला बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत त्याला हरवलं जॉश करने. तोही ब्रिटनचा, वाइटमनच्याच एडिंबरा क्लबमधला, डावही तोच.

पॅरिस २०२४ ला इंगेब्रिग्टसेनने आणखी कडक वेग लावला, पहिला लॅप ५५ सेकंदांच्या आत, म्हणजे हे टिकणार नाही असं बघतानाच कळत होतं. शेवटच्या वळणावर कर बाहेरून त्याच्या खांद्यापाशी आला. मागे अमेरिकेचा कोल हॉकर, त्याने आतून घुसायचा प्रयत्न केला तर वाट बंद झाली आणि त्याची लय मोडली. बहुतेकांची रेस तिथेच संपते. पण सरळ पट्ट्यावर इंगेब्रिग्टसेन करला अडवायला जरासा बाहेर सरकला, आत जेमतेम एका माणसाची जागा झाली, हॉकर परत त्याच जागेतून गेला. ३:२७.६५. कर ३:२७.७९, यारेड नुगुसे ३:२७.८०, आणि इंगेब्रिग्टसेन ३:२८.२४ ला चौथा. बघा, त्याने स्वतःचा जुना ऑलिम्पिक विक्रम मोडला आणि पदक नाही मिळालं. इतकी वेगवान ऑलिम्पिक फायनल पूर्वी झाली नव्हती, त्यामुळे स्लो रेसचे दिवस गेले असं पुष्कळांनी म्हणून टाकलं. पुढच्याच वर्षी टोकियोच्या जागतिक स्पर्धेत इंगेब्रिग्टसेन दुखापतीतून नुकताच उठलेला, हीटमध्येच (पहिल्याच फेरीत) बाहेर, आणि फायनल ३:३४.१० ला संपली. पोर्तुगालचा इसाक नादर पहिला, वाइटमन ०.०२ ने मागे. तेव्हा बदललं काय होतं तर एक माणूस.

८०० चं गणित वेगळं

८०० मध्ये पहिलं वळण आपापल्या लेनमध्ये घेतात, मग सगळे आत येतात. इथे थांबून बघायला वेळ नसतो. बहुतेक वेगवान ८०० मध्ये पहिला लॅप दुसऱ्यापेक्षा फास्ट असतो, म्हणजे शेवटी जी किक दिसते ती बऱ्याचदा किक नसतेच, सगळेच मंदावत असतात आणि सगळ्यात कमी मंदावणारा पळत सुटल्यासारखा वाटतो. म्युनिक १९७२ चा डेव्ह वॉटल, तो टोपीवाला अमेरिकन, पहिल्या लॅपला चक्क शेवटी होता, आणि एकेक करत सगळ्यांना गाठून १:४५.८६ ला जिंकला, दुसरा येवगेनी अर्झानोव ०.०३ ने मागे, रेषेवर आडवा पडलेला. सगळे म्हणतात काय सुटला शेवटी! प्रत्यक्षात त्याचे चारही २०० मीटर जवळपास सारख्याच वेळेचे होते, २६ ते २७ सेकंद. बाकीचे पुढे जोरात जाऊन खाली आले.

उलट टोक म्हणजे डेव्हिड रुडिशा, लंडन २०१२. पेसमेकरशिवाय, पहिल्यापासून शेवटपर्यंत पुढे, ४९.२८ आणि मग ५१.६३, एकूण १:४०.९१, विश्वविक्रम. त्याच्यामागे ओढले जाऊन बाकीच्यांच्याही वेळा अशा आल्या की आठवा आलेला अँड्र्यू ओसागी १:४३.७७ ला होता. माँट्रियल १९७६ ला क्यूबाचा अल्बेर्तो हुआंतोरेना १:४३.५० च्या विश्वविक्रमाने जिंकला तेव्हा पहिला लॅप ओढला होता भारताच्या श्रीराम सिंगने. तो सातवा आला, १:४५.७७, आणि तो राष्ट्रीय विक्रम चार दशकांच्या वर टिकला.

हीट, सेमी आणि निकालाचा कागद

फायनलपर्यंत पोचायला आधीच्या फेऱ्या धावाव्या लागतात. निकालात नावापुढे मोठा क्यू (Q) असला तर धावपटू नंबरवर पुढे गेला, छोटा क्यू (q) असला तर वेळेवर. जागतिक स्पर्धेच्या ८०० मध्ये सेमी तीन, प्रत्येकीतले पहिले दोघे आणि वेळेवर आणखी दोघे. १५०० मध्ये २०२३ पासून वेळेवरचा प्रवेश काढून टाकला, फक्त नंबर. हेतू रेस चुरशीची व्हावी हा होता, झालं असं की हीट आणखी गर्दीच्या झाल्या, कारण सहा जागांसाठी दहा-बारा जण एकाच वेळी सुटतात. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये हरलेल्यांना रेपेशाजची एक जादा संधी मिळाली, म्हणजे काहींच्या पायांवर एक जादा रेस.

या गर्दीत पडणं हा प्रकार नेहमीचा. अटलांटा १९९६ ला शेवटच्या लॅपच्या घंटेआधी एल गेरूज नूरेदीन मोर्सेलीच्या पायाला अडकून पडला, मोर्सेली जिंकला. कुणी दुसऱ्यामुळे अडवला गेला असं रेफ्रीला वाटलं तर तो त्याला पुढच्या फेरीत घेऊ शकतो, आणि ज्याने अडवलं त्याला बाद करू शकतो. २०२५ ला ऑलिम्पिक विजेता हॉकरच सेमीमध्ये वाट काढताना धक्काबुक्की केली म्हणून बाद झाला. नंतर त्याच स्पर्धेत ५००० जिंकला ते वेगळं.

रेषेवर छाती कधी पोचली ते धरतात, डोकं किंवा हात नाही, म्हणून शेवटी सगळे पुढे झुकतात. आणि निकाल त्या रात्री लागला म्हणजे लागला असंही नाही. बीजिंग २००८ ची १५०० बहरीनच्या रशीद रम्झीने जिंकली, डोपिंगमध्ये पकडला गेला, सुवर्ण किप्रॉपकडे गेलं. लंडन २०१२ ची बायकांची १५०० तर अजून वाईट, पहिल्या दोघी तुर्कीच्या, दोघींचीही पदकं काढून घेतली, सुवर्ण बहरीनच्या मरियम यूसुफ जमालला मिळालं, रशियाची तात्याना तोमाशोवा वर सरकून रौप्यापर्यंत आली, आणि २०२४ मध्ये तीही बाद झाली.