दस्तऐवज-मेटाडेटाचे वाचन
फाईलमध्ये मजकुराबरोबरच साठवलेली शीर्षक, लेखक, दिनांक इ. माहिती आज्ञावलीद्वारे काढून घेणे. दप्तर-व्यवस्थापन, शोधयंत्रे व न्यायवैद्यक तपास यांत हे काम पडते.

मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या जुन्या द्विमान (बायनरी) फाईलींत ही माहिती ओएलई संयुक्त फाईलमधील (एकाच फाईलीत अनेक अंतर्गत फाईली सामावणारी मायक्रोसॉफ्टची रचना) ‘समरी इन्फर्मेशन’ या प्रवाहात, म्हणजे अंतर्गत फाईलीत, असते. ही रचना १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत रूढ झाली. प्रत्येक गुणधर्माला क्रमांक (२ शीर्षक, ४ लेखक) व प्रकार दिलेला असतो. कालदर्शक मूल्ये १ जानेवारी १६०१ पासून १०० नॅनोसेकंदांच्या एककात मोजतात. मात्र क्रमांक १० चा गुणधर्म, म्हणजे संपादनास लागलेला एकूण वेळ, याच प्रकारात साठवलेला असूनही दिनांक नसून कालावधी आहे. बेसावध आज्ञावली तो १६०१ सालचा दिनांक म्हणून दाखवते. अक्षरांचा अर्थ क्रमांक १ मधील संकेतपृष्ठावर (कोणता अंक म्हणजे कोणते अक्षर हे ठरवणारा तक्ता; इं. कोड पेज) अवलंबून असतो. विंडोजमध्ये देवनागरीसाठी एएनएसआय (युनिकोडपूर्व पद्धतीचे) संकेतपृष्ठ नसल्याने मराठी शीर्षकांच्या जागी प्रश्नचिन्हे येण्याचा धोका राहतो. युनिकोडपूर्व फाँटांत टंकित केलेली शीर्षके तर फाँटाची माहिती सोबत नसल्याने निरर्थक रोमन अक्षरे होऊन बाहेर पडतात.

ऑफिस २००७ पासूनची फाईल ही झिप संचिका असून शीर्षक, लेखक इ. तपशील त्यातील एका लहान एक्सएमएल भागात, अंशतः डब्लिन कोअर या मेटाडेटाच्या प्रमाण संज्ञासंचातील नावांनी असतो. पीडीएफमध्ये जुना माहितीकोश व अडोबीची एक्सएमपी (२००१) ही एक्सएमएलवर आधारित मेटाडेटा-पद्धती अशा दोन जागा आहेत आणि त्यांत तफावत आढळते. पीडीएफ २.० (२०१७) मध्ये माहितीकोशातील दोन दिनांक वगळता बाकीच्या नोंदी कालबाह्य ठरवल्या असल्याने एक्सएमपीला अग्रक्रम देणे सयुक्तिक दिसते.

वाचक-घटक (मेटाडेटा वाचणारा आज्ञावलीचा भाग) स्वतः लिहावा की तयार घ्यावा, या प्रश्नाचे मूळ काही जण अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोझ यांच्या १९३७ च्या, उद्योगसंस्थेच्या स्वरूपावरील निबंधापर्यंत नेतात; संस्थेने काम स्वतः करावे की बाजारातून घ्यावे, हा त्याचा विषय. सॉफ्टवेअरपुरते संगणकतज्ज्ञ डग्लस मॅकिलरॉय यांचे गार्मिश (जर्मनी) येथील १९६८ च्या सॉफ्टवेअर-अभियांत्रिकी परिषदेतील प्रतिपादन अधिक निकटचे आहे : घटक कारखानी मालाप्रमाणे तयार मिळावेत. नव्या स्वरूपांसाठी झिप व एक्सएमएल वाचणारी थोडी आज्ञावली पुरते. जुन्या द्विमान फाईलींसाठी अपाचे पीओआय किंवा टिका यांसारखे मुक्त घटक घेणेच श्रेयस्कर. मायक्रोसॉफ्टचा डीएसओफाईल हा घटक ऑफिस बसवलेले नसतानाही चालत असे. सर्व्हरवर प्रत्यक्ष ऑफिस चालवून माहिती काढण्याचा मार्ग मात्र खुद्द ती कंपनीच सुचवत नाही.