आर्टेमिसिनिन आणि बालकांचा हिवताप

आर्टेमिसिनिन हे ‘आर्टेमिसिया ॲन्युआ’ या वनस्पतीच्या पानांतून मिळणारे हिवतापविरोधी द्रव्य. ही वनस्पती दवण्याच्याच प्रजातीतली. चिनी वैद्यकात तिला छिंगहाओ म्हणतात. प्लास्मोडियम फाल्सिपेरम या परजीवीमुळे होणाऱ्या हिवतापावर आज याच द्रव्यापासून बनवलेली संयुक्त औषधे सर्वप्रथम दिली जातात. आफ्रिकेत हिवतापाने दगावणाऱ्या दर चारांपैकी सुमारे तीन पाच वर्षांखालची मुले असतात.

व्हिएतनाम युद्धात सैनिक हिवतापाने आडवे पडू लागले, तेव्हा चीनने १९६७ साली ‘प्रकल्प ५२३’ ही गुप्त मोहीम उघडली. तीत सहभागी असलेल्या तू यूयू यांच्या गटाला एक कोडे सुटेना : छिंगहाओचा अर्क कधी लागू पडे, कधी मुळीच नाही. चौथ्या शतकातील वैद्य गे होंग यांनी मूठभर पाला पाण्यात भिजवावा, पिळावा आणि रस प्यावा, असे लिहून ठेवले होते. उकळण्याचे नाव नव्हते. उष्णतेने गुण जात असावा, या तर्काने तू यांनी सुमारे ३५ अंश सेल्सियसलाच उकळणारे ईथर वापरले आणि ऑक्टोबर १९७१ मध्ये १९१ क्रमांकाच्या नमुन्याने उंदरांतील परजीवींचा पूर्ण नायनाट केला. या कामासाठी त्यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. काढ्यांचे कैवारी हा दाखला हमखास देतात. प्रत्यक्षात ही गोष्ट काढा न करण्याची आहे.

रेणूत १५ कार्बन, २२ हायड्रोजन आणि ५ ऑक्सिजन अणू असतात. त्यांतील दोन ऑक्सिजन अणूंना जोडणारा पेरॉक्साइड बंध हे त्याचे मर्म. परजीवी तांबड्या पेशीतले हीमोग्लोबिन पचवतो तेव्हा लोहयुक्त हीम मोकळे होते. हे लोह तो बंध तोडते आणि त्यातून निघालेले मुक्त मूलक, म्हणजे अतिशय क्रियाशील कण, परजीवीचीच प्रथिने जायबंदी करतात. मूळ द्रव्य पाण्यात जेमतेम विरघळते, म्हणून शिरेतून देण्यासाठी आर्टेसुनेट हे त्याचे रूप वापरतात.

आफ्रिकेतील नऊ देशांत गंभीर हिवतापाच्या ५,४२५ मुलांवर झालेली चाचणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. क्विनीन हे जुने औषध दिलेल्यांत मृत्यूचे प्रमाण १०.९ टक्के, तर आर्टेसुनेट दिलेल्यांत ८.५ टक्के होते. मात्रेचा हिशेब मात्र अंदाजाच्या उलट निघाला : मोठ्यांना शरीराच्या प्रतिकिलो वजनामागे २.४ मिलिग्रॅम पुरते, पण २० किलोखालच्या मुलांना ३ मिलिग्रॅम लागते. ‘मूल लहान, म्हणून बेताने’ हा समज इथे घातक ठरतो. साध्या हिवतापासाठी आर्टेमेथर-लुमेफॅन्ट्रिन या संयुक्त औषधाची पाण्यात विरघळणारी, चेरीच्या चवीची गोळी २००९ मध्ये आली. तोपर्यंत कडू गोळ्या कुटून पाजाव्या लागत आणि मुले त्या ओकून टाकत. पाच किलोखालच्या तान्ह्यांसाठीच्या वेगळ्या औषधाला स्वित्झर्लंडने २०२५ मध्ये मान्यता दिली.

वाळलेल्या पाल्याच्या चहाला जागतिक आरोग्य संघटनेचा पाठिंबा नाही. पानांतील आर्टेमिसिनिनचे प्रमाण रोपागणिक बदलते आणि पाण्यात ते थोडेच उतरते. शिवाय हे द्रव्य शरीरातून काही तासांतच निघून जाते; उरलेल्या परजीवींना गाठायला सोबत दीर्घकाळ टिकणारे दुसरे औषध लागते, ते चहात नसते. अपुऱ्या मात्रेतून तगलेले परजीवी प्रतिकारक्षम होण्याचा धोका असतो. केल्च-१३ या जनुकातील बदलांमुळे औषधाला उशिरा दाद देणारे परजीवी आधी कंबोडियात सापडले, पुढे रवांडा आणि युगांडातही.