डांग्या खोकल्याची लस : प्रतिक्रिया व पाठपुरावा

डांग्या खोकल्याच्या (माकडखोकल्याच्या) लशीनंतर बालकात दिसणाऱ्या प्रतिक्रियांवर उपचार करणे, त्यांची नोंद ठेवणे आणि पुढचा डोस द्यावा की नाही हे ठरवणे, या सर्वांचा समावेश पाठपुराव्यात होतो. भारतात ही लस सुटी मिळत नाही. ती घटसर्प व धनुर्वात यांच्या लशींसह त्रिगुणीत असते. डिसेंबर 2011 पासून केरळ व तमिळनाडूत आणि नंतर टप्प्याटप्प्याने अन्य राज्यांत 6, 10 व 14 आठवड्यांचे डोस पंचगुणी (पेंटाव्हॅलेंट) लशीतून दिले जाऊ लागले. बूस्टर त्रिगुणीचेच राहिले.

शासकीय कार्यक्रमात पूर्णपेशी लस वापरतात. तीत बोर्डेटेला पर्ट्युसिस हा मारलेला जिवाणू सबंध असतो. त्याच्या पेशीभित्तीतील अंतर्विषामुळे ताप व सूज अधिक येते. निवडक शुद्ध प्रथिनांपासून बनवलेल्या अपेशी लशीत हा त्रास कमी असतो. खाजगी दवाखान्यांत तिला ‘पेनलेस’ म्हणतात; सुई अर्थातच तीच.

ताप, चिडचिड, मांडीवर लाली व सूज हा त्रास बहुधा दोन दिवसांत ओसरतो. वजनानुसार पॅरासिटामॉल, अंगावरचे दूध चालू ठेवणे आणि सुजेवर थंड ओली घडी एवढे पुरते. जागा चोळू नये. मागे राहणारी न दुखणारी टणक गाठ काही आठवडे टिकू शकते. तीत पू झाल्यास मात्र डॉक्टरांना दाखवावे; अशा वेळी दोष बहुधा टोचण्याच्या पद्धतीत असतो. तीन तासांहून अधिक काळ न थांबणारे रडणे, तापातील झटके आणि मूल एकाएकी फिके, लुळे व प्रतिसादहीन होणे (हायपोटोनिक-हायपोरिस्पॉन्सिव्ह एपिसोड) या विरळ प्रतिक्रिया होत. अमेरिकेत 1981 साली प्रसिद्ध झालेल्या कोडी व सहकाऱ्यांच्या अभ्यासात 15,752 त्रिगुणी डोसांनंतर झटके व लुळेपणा यांची प्रत्येकी 9 उदाहरणे आढळली.

मेंदूविकार : लशीमुळे मेंदूला कायमची इजा होते काय, हा या विषयातील सर्वांत दीर्घ वाद. 1933 मध्ये डेन्मार्कच्या थॉरवाल्ड मॅडसेन यांनी जन्मानंतर लगेच लस दिलेल्या दोन अर्भकांचे मृत्यू नोंदवले. तथापि वादाचा आरंभ साधारणतः बायर्स व मॉल यांच्या 1948 च्या बॉस्टनमधील 15 रुग्णांच्या अहवालापासून धरतात. 1974 मध्ये लंडनमधून 36 बालकांचा अहवाल आला आणि ब्रिटनमधील लसीकरणाचे प्रमाण सु. 80 टक्क्यांवरून सु. 30 टक्क्यांपर्यंत घसरले. पुढील काही वर्षांत तेथे डांग्या खोकल्याच्या मोठ्या साथी आल्या. जपानने 1975 मध्ये लस काही काळ थांबवली. तेथील अपेशी लशीचा उगम या घटनेत आहे. ब्रिटनच्या राष्ट्रीय बालमेंदूविकार अभ्यासाने (1976–79) कायमच्या इजेचा धोका 3,10,000 डोसांमागे एक असा अंदाजला. हा आकडा पाठ्यपुस्तकांतून बराच काळ फिरला, परंतु तो मोजक्या रुग्णांवर उभा होता. 1988 च्या लव्हडे विरुद्ध रेंटन खटल्यात लंडनच्या न्यायालयाने कार्यकारणभाव सिद्ध झाला नसल्याचे म्हटले. ब्रिटनचा लस-इजा भरपाई कायदा त्याआधीच, 1979 मध्ये झाला होता.

2006 मध्ये बर्कोविच व सहकाऱ्यांनी लशीमुळे मेंदूविकार झाल्याचे मानल्या गेलेल्या 14 रुग्णांपैकी 11 जणांत एससीएन1ए या जनुकातील उत्परिवर्तन दाखवले. अशा मुलांत अपस्मार मुळातच दडलेला असतो व लशीनंतरचा ताप पहिल्या झटक्याचे निमित्त ठरतो, हे स्पष्टीकरण आज अधिक ग्राह्य दिसते. सर्वच जुन्या रुग्णांना ते लागू पडेल असे नाही.

पुढचा डोस : आधीच्या डोसानंतर तीव्र अ‍ॅलर्जी (अ‍ॅनाफिलॅक्सिस) झाली असल्यास, किंवा सात दिवसांत अन्य कारण न सापडणारा मेंदूविकार झाला असल्यास, डांग्या खोकल्याचा घटक पुन्हा देत नाहीत. मेंदूविकार झालेल्या बालकास घटसर्प-धनुर्वाताची द्विगुणी लस देता येते. अ‍ॅनाफिलॅक्सिसनंतर मात्र कोणत्या घटकाची अ‍ॅलर्जी आहे हे आधी तपासावे लागते. जास्त ताप, दीर्घ रडणे व लुळेपणा पूर्वी निषेधात गणले जात. आता त्यांकडे सावधगिरीची बाब म्हणून पाहतात. नेदरलँड्समधील पाठपुराव्यात लुळेपणा आलेल्या ज्या मुलांना पुढे ही लस दिली गेली, त्यांच्यात तो पुन्हा आढळला नाही. असा डोस देखरेखीखाली, शक्य तर अपेशी लशीने देतात. नियंत्रणात न आलेला अपस्मार असल्यास तो आटोक्यात येईपर्यंत थांबतात.

नोंद : लशीनंतर बालकास अर्धा तास केंद्रावर थांबवतात, कारण अ‍ॅनाफिलॅक्सिस बहुधा याच वेळात उद्भवतो. मृत्यू किंवा रुग्णालयात दाखल करावे लागणे या गंभीर घटना भारतात जिल्हा लसीकरण अधिकाऱ्याकडे कळवल्या जातात. त्यांची चौकशी होऊन तज्ज्ञ समिती कारण ठरवते. लशीचा गुणधर्म, लशीच्या दर्जातील दोष, देण्यातील चूक, भीतीची प्रतिक्रिया व केवळ योगायोग असे कारणांचे प्रकार करतात. किरकोळ ताप बहुधा कोणी कळवत नाही, त्यामुळे अशा नोंदींवरून त्याचे प्रमाण काढता येत नाही. माता-बाल संरक्षण कार्डावर प्रतिक्रियेची तारीख, डोस व लशीचा बॅच क्रमांक लिहून घेणे इष्ट; दुसऱ्या गावी पुढचा डोस देणाऱ्या परिचारिकेपाशी अनेकदा तेवढीच माहिती असते.