पिकअपवर कॅम्पर: किती वजन, आणि नेमकं कुठे?

पिकअपच्या हौद्यात उतरवून बसवायचा कॅम्पर म्हणजे पलंग, ओटा, फ्रिज, पाण्याची टाकी आणि गॅस असलेली एक छोटी खोलीच. ट्रेलरचा बराचसा भार त्याच्या स्वतःच्या चाकांवर असतो. कॅम्परचा मात्र किलो न् किलो ट्रकच्या चार चाकांवर येतो. त्यामुळे एअरबॅग (मागच्या एक्सलवर बसवायच्या हवेच्या पिशव्या), जाड पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) वगैरे खरेदीला निघण्याआधी ट्रक वजनकाट्यावर न्यायला हवा.

चालकाच्या दाराच्या चौकटीवर दोन आकडे महत्त्वाचे असतात: भरलेल्या गाडीचं कमाल एकूण वजन, आणि पुढच्या व मागच्या एक्सलची वेगवेगळी मर्यादा. इंधनाची टाकी भरून, चालकाला आत बसवून आधी पूर्ण गाडी आणि मग एकेक एक्सल मोजा. एक नमुना घेऊ. कमाल वजन ४,५०० किलो आणि काट्यावर भरलं ३,१०० (पुढे १,८००, मागे १,३००). म्हणजे उरले १,४०० किलो. माहितीपत्रकात कॅम्परचं वजन १,००० किलो दिलंय, तेव्हा ऐसपैस जागा आहे असं वाटतं.

पण ते 'कोरडं' वजन असतं. त्यात १५० लिटर पाणी म्हणजे १५० किलो घाला. गॅसचे दोन छोटे सिलिंडर, प्रत्येकात ९ किलो गॅस, टाकीसकट ३४ किलोच्या आसपास. शंभर अँपिअर-अवरच्या दोन लेड-ॲसिड बॅटऱ्या ५५ किलो. भांडी, कपडे, शिधा, अंथरूण-पांघरूण, हत्यारं मिळून १५० किलो सहज होतात. शेजारी बसणारा माणूस ७० किलो. बेरीज १,४५९. मर्यादा ओलांडली, आणि छतावरचा एसी किंवा बाहेरचा मांडव अजून धरलेलाच नाही. पुष्कळदा कोरड्या वजनात अशा जोडण्या मोजलेल्या नसतात. हौद्याचा फाळका काढून ठेवला तर थोडं वजन वाचतं. लिथियम बॅटऱ्या घेतल्या तर त्याच क्षमतेला निम्म्याहून कमी वजन लागतं. तरी सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे टाकी अर्धी भरणं.

समजा, काटछाट करून सगळं १,४०० मध्ये बसवलं. आता प्रश्न उरतो तो हे वजन कुठे बसतं याचा. कॅम्पर बनवणारे त्याच्या बाजूला गुरुत्वमध्याची (सगळं वजन जिथे एकवटलंय असं धरता येतं त्या बिंदूची) खूण करतात. ती मागच्या एक्सलच्या थोडी पुढे पडली पाहिजे. दोन एक्सलमधलं अंतर ३.६ मीटर आणि खूण एक्सलच्या १० सेंटिमीटर पुढे असेल, तर पुढच्या चाकांवर सुमारे ३९ किलो वाढतात आणि बाकीचे १,३६१ मागे जातात. लांब कॅम्पर आखूड हौद्यात घातला आणि खूण एक्सलच्या ३० सेंटिमीटर मागे गेली, की तरफ उलटी चालते: पुढची चाकं ११७ किलोंनी हलकी होतात आणि मागच्या एक्सलवर १,५१७ किलो येतात. कॅम्परच्या एकूण वजनापेक्षाही जास्त! अशा ट्रकचं स्टिअरिंग हलकं लागतं, ओल्या वळणावर पुढचं टोक सरळच जाऊ पाहतं.

एक गैरसमज फार पसरलेला आहे. मागचा भाग दबला, एअरबॅग लावल्या, ट्रक सपाट दिसू लागला, आता पुढच्या चाकांवर वजन परत आलं, असं मानलं जातं. तसं होत नाही. एक्सलवरचा भार गुरुत्वमध्याच्या आडव्या अंतरावर ठरतो. मागचा भाग ८ सेंटिमीटर उचलला तर गुरुत्वमध्य फार तर एक-दोन सेंटिमीटर पुढे सरकतो आणि पुढे दहा-वीस किलोंचा फरक पडतो. हरवलेले ११७ किलो परत आणायचे तर कॅम्परच बदलायला हवा, किंवा आतलं जड सामान पुढे हलवायला हवं. दाराच्या चौकटीवरची कमाल मर्यादाही कुठल्याच जोडणीने वाढत नाही.

टायरकडे मात्र कंजुषी नको. टायरच्या बाजूवर १२१ असा भारांक असेल तर तो एक टायर १,४५० किलो पेलतो. ११५ असेल तर १,२१५. वरच्या नमुन्यात मागच्या एक्सलवर १,३०० अधिक १,३६१ म्हणजे २,६६१ किलो येतात. ११५ भारांकाची जोडी २,४३० पर्यंतच पुरते. १२१ ची जोडी २,९०० पर्यंत जाते. '१२१/११८' असं लिहिलेलं असेल तर दुसरा आकडा जोडचाकांसाठी (एका बाजूला दोन-दोन चाकं) आहे. रिमची क्षमताही पाहा, तिथे बरेच जण चुकतात. शिवाय भार पेलते ती मुख्यतः आतली हवा. हवा कमी असेल तर टायरची भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते, तापते आणि शेवटी थर सुटतात. हवा थंड टायरमध्येच मोजायची. चालून तापल्यावर वाढलेला दाब पाहून हवा सोडणं धोक्याचं.

आता पाट्यांकडे वळू. बऱ्याच पिकअपमध्ये मुख्य पाट्यांच्या वर एक जास्तीचा पाटा असतो आणि त्याची टोकं चासीवरच्या टेकूपासून काही सेंटिमीटर दूर असतात. मागचा भाग तेवढा दबल्यावरच तो कामाला लागतो. तोवर ट्रक मोकळेपणाने डुलत असतो. या फटीत जाड रबरी ठोकळे बसवले की तो पाटा लवकर टेकतो आणि डुलणं ठळकपणे कमी होतं. ही जोडणी साधी आहे, तिला पंप नको की नळी नको, म्हणून आधी हीच करून पाहावी. नुकसान एवढंच की रिकामा ट्रक खड्ड्यात जास्त आपटतो.

एअरबॅग उंची नीट करण्यासाठी चांगल्या, पण डाव्या-उजव्या बॅगची नळी एकच ठेवू नका. वळणावर ट्रक उजवीकडे झुकला की उजव्या बॅगमधली हवा डावीकडे पळते आणि झुकणं वाढतं. दोन वेगळ्या नळ्या असल्या की असमान वजनही सावरता येतं. रिकाम्या ट्रकमध्येही उत्पादकाने सांगितलेला किमान दाब ठेवावा, नाहीतर रबर चिमटून फाटतं.

डुलण्याचं मूळ उंचीत आहे. चाकांच्या जोडीतली रुंदी १.७ मीटर आणि गुरुत्वमध्य ०.७५ मीटर उंचीवर असेल, तर कागदावर ट्रक उलटायला गुरुत्वाच्या १.१३ पट बाजूचा रेटा लागतो. कॅम्परमुळे तोच बिंदू १.१५ मीटरवर गेला की ०.७४ पट पुरतो. प्रत्यक्षात पाटे आणि टायर झुकतात, म्हणून याहूनही कमी. मागचा अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून झुकणं रोखणारा दांडा) आणि दणकट शॉकॲब्सॉर्बर झुकण्याचं प्रमाण आणि वेग कमी करतात. उंची काही ते कमी करत नाहीत.

हौद्यात प्लॅस्टिकचं गुळगुळीत अस्तर असेल तर ते काढून जाड रबरी मॅट घाला. केबिनचं छत आणि कॅम्परचा पुढे आलेला भाग यांत किमान ५ सेंटिमीटर मोकळे हवेत. कमी असतील तर कॅम्परखाली प्लायवुड किंवा कडक फोमच्या पाटाची बैठक करावी. गुरुत्वाच्या ०.८ पट जोराने ब्रेक लागला तर १,४०० किलोंचा कॅम्पर सुमारे ११,००० न्यूटन बलाने पुढे रेटतो. त्याला पुढे धावायला जागाच मिळू नये म्हणून कॅम्परचं नाक हौद्याच्या पुढच्या भिंतीला टेकलेलं हवं. फट राहत असेल तर लाकडी ठोकळा घाला. चार टर्नबकल (फिरवून ताण वाढवता येणारे दांडे) हौद्याच्या पातळ पत्र्याला न अडकवता चासीला धरलेल्या हुकांना लावा, आणि पुढचे दोन खाली व पुढे ओढतील असे ठेवा. स्प्रिंग असलेले टर्नबकल बरे, कारण खराब रस्त्यावर चासी पिळवटते आणि ताठ साखळी कॅम्परच्या लाकडी सांगाड्यातून कडीच उपटते. याच कारणाने ते अतिघट्ट आवळूही नयेत. पहिल्या पन्नासेक किलोमीटरनंतर थांबून ताण पुन्हा तपासा, कॅम्पर बैठक घेतो तसे ते सैल होतात.

वायरिंगमध्ये नेहमीची तक्रार म्हणजे दिवसभर गाडी चालवूनही आतली बॅटरी भरत नाही. ट्रेलरच्या सॉकेटमधली २.५ चौरस मिलिमीटरची तार घ्या. सात मीटर जाणं, सात मीटर येणं धरून तिचा रोध ०.०९८ ओहम होतो. वीस अँपिअरला जवळजवळ २ व्होल्ट तारेतच खर्च होतात, आणि १४.२ चे १२.२ झाल्यावर बॅटरी काय भरणार? १६ चौरस मिलिमीटरच्या तारेत हाच तोटा ०.३ व्होल्ट असतो. नव्या गाड्यांचे अल्टरनेटर (इंजिनवर चालणारी जनित्रं) स्वतःहून व्होल्टेज उतरवतात, म्हणून तिथे कॅम्परच्या बॅटरीजवळ डीसी-डीसी चार्जरही (आलेलं व्होल्टेज वाढवून बॅटरी भरणारं यंत्र) लागतो. फ्यूज ट्रकच्या बॅटरीला अगदी लागून हवा. तार मध्येच घासून चासीला टेकली तर आग लागण्याआधी तोच उडतो.

सगळं भरून झालं की पुन्हा काट्यावर जा, या वेळी पाणी आणि माणसांसकट. एकेक एक्सल मोजा, जमल्यास डावी-उजवी बाजूही. फ्रिज, टाकी आणि बॅटऱ्या एकाच अंगाला असतील तर शंभर किलोंचा फरक सापडू शकतो. टायरमधली हवा या आकड्यांवरून ठरवा, आणि शेवटी अंधारात भिंतीसमोर उभं राहून हेडलाइटचा झोत खाली आणा. मागचा भाग थोडा जरी दबला असला तरी हा झोत समोरच्याच्या डोळ्यात जातो.