तांबड्या पेशीतला सापळा

निपाणीजवळच्या एका गावात राहणाऱ्या माझ्या नात्यातल्या काकूंना हिपॅटायटिस सीमुळे यकृताचा सिरोसिस, म्हणजे यकृत व्रणांनी घट्ट होत जाण्याचा आजार, झाला आहे. पोटात पाणी होऊ लागल्यावर डॉक्टरांनी त्यांना १२ आठवड्यांचा उपचार सुरू केला आणि नव्या गोळ्यांच्या जोडीला रिबाव्हिरिन हे जुने औषधही दिले. तिसऱ्या आठवड्यात त्यांचे हिमोग्लोबिन ११.८ वरून ९.४ वर आले. तपासणीचा कागद इंग्रजीत, सोबतचे माहितीपत्रक कन्नडमध्ये आणि घरातली सगळी चर्चा मराठीत, अशी आपल्या सीमाभागातली नेहमीची परिस्थिती त्या घरातही होती. त्या तीन भाषांतून घरच्यांच्या हाती एकच वाक्य उरले, ते म्हणजे 'काकूंच्या अंगात रक्त कमी झाले.' मग बीट आले, खजूर आला, ऊसपट्ट्यातले घर असल्याने गूळ-शेंगदाणे तर होतेच, आणि औषधांच्या दुकानातून कुणालाही न विचारता लोहाच्या गोळ्याही आल्या.

त्यांची काळजी खरी होती, पण निदान चुकले होते. मराठीतला 'रक्तक्षय' काय किंवा त्या माहितीपत्रकातला 'रक्तहीनते' काय, दोन्ही शब्द रक्त कमी आहे एवढेच सांगतात. ते का कमी आहे, हे सांगत नाहीत. रक्त कमी होण्याच्या वाटा ढोबळमानाने तीन आहेत. एक तर ते तयार होत नाही, नाहीतर वाहून जाते, नाहीतर तयार झालेल्या पेशी वेळेआधीच नष्ट होतात. काकूंच्या बाबतीत तिसरी वाट उघडली होती आणि ती उघडणारे औषध, म्हणजे रिबाव्हिरिन, त्यांच्या हिताचेच होते.

हिपॅटायटिस सीचा विषाणू १९८९ साली ओळखला गेला आणि त्या शोधासाठी हार्वी ऑल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. रिबाव्हिरिन मात्र त्याहून जुने आहे. ते १९७० च्या सुमारास प्रयोगशाळेत बनवले गेले. पुढे कित्येक वर्षे इंटरफेरॉनची इंजेक्शने आणि रिबाव्हिरिनच्या गोळ्या हाच या आजाराचा मुख्य उपचार होता, आणि त्या काळी रक्तक्षय हे उपचार अर्धवट सुटण्याचे एक मोठे कारण असे. रिबाव्हिरिन तांबड्या पेशी मारत असे आणि इंटरफेरॉन अस्थिमज्जेला दाबून नव्या पेशींची भरपाईही होऊ देत नसे. २०१३ च्या अखेरीस सोफोसबुव्हिर हे विषाणूवर थेट वार करणारे नवे औषध आले आणि चित्र पालटले. आता राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात (आरंभ २८ जुलै २०१८) ही औषधे मोफत मिळतात आणि बहुसंख्य रुग्णांना रिबाव्हिरिन लागतच नाही. ज्यांचे यकृत थकून पोटात पाणी झाले आहे, अशांसाठी ते अजून वापरले जाते. म्हणजे ज्यांना रक्ताची घसरण सर्वांत कमी सोसते, नेमक्या त्यांनाच ते घ्यावे लागते.

आता सापळ्याकडे येतो. मी अनेक वर्षे रसायनशास्त्र शिकवले असल्याने या भागात मी थोडा रेंगाळलो, तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

रिबाव्हिरिनचा रेणू ग्वानोसिन या आपल्या शरीरातल्याच रेणूसारखा दिसतो. त्यामुळे पेशीच्या पटलावरील वाहक प्रथिने त्याला घरचाच समजून आत घेतात. आत गेल्यावर पेशीतली विकरे (एन्झाइम) त्याला आधी एक, मग दोन, मग तीन फॉस्फेट जोडतात. फॉस्फेटवर ऋण विद्युतभार असतो आणि असा भारित रेणू पेशीच्या स्निग्ध पटलातून पार होऊ शकत नाही. केंद्रक असलेल्या पेशींमध्ये ही फॉस्फेटे काढून टाकणारी विकरेही असतात. ती कुलूप उघडतात आणि औषध आल्या वाटेने परत जाते. प्रौढ तांबड्या पेशीजवळ कुलूप लावणारे विकर आहे, पण ते उघडण्याची सोय नाही. केंद्रक नसल्याने नवे विकर बनवून घेणेही तिला शक्य नाही. पावसाळ्यात खानापूरकडच्या ओढ्यांत मासे धरायला बांबूची टोपली लावतात, तिचे तोंड रुंद असते पण आत शिरलेल्या माशाला परतीची वाट नसते. तांबडी पेशी ही रिबाव्हिरिनसाठी तशीच टोपली आहे. परिणामी तिच्या आतले औषधाचे प्रमाण भोवतालच्या रक्तद्रवातील प्रमाणाच्या सुमारे ६० पट होते, आणि आत साठलेले औषध निम्म्यावर यायला ४० दिवसांच्या आसपास लागतात.

नुसते साठल्याने पेशी मरत नाही. फॉस्फेट जोडण्यासाठी ते कुठून तरी आणावे लागते आणि पेशी ते एटीपी या आपल्या ऊर्जेच्या चलनातून देते. तांबड्या पेशीत तंतुकणिका, म्हणजे पेशीतली ऊर्जाघरे, नसतात. ग्लुकोजचे प्राणवायूविना विघटन एवढेच तिच्या उत्पन्नाचे साधन, आणि ते तुटपुंजे असते. या उत्पन्नावर तिला सोडियम-पोटॅशियमचे पंप चालवायचे असतात आणि पटल लवचिक ठेवायचे असते, कारण प्लीहेतल्या, म्हणजे पानथरीतल्या, तिच्याहूनही अरुंद फटींतून तिला अंग चोरून जायचे असते. एटीपीची गंगाजळी आटली की ऑक्सिडीकरणाचा मारा परतवण्याची तिची क्षमता ढळते, पटलावरील प्रथिनांचे पुंजके होतात आणि प्लीहेतल्या भक्षक पेशी तिला म्हातारी समजून गिळून टाकतात. १२० दिवस जगणारी पेशी त्याच्या कितीतरी आधी संपते. उपचार सुरू झाल्यावर पहिल्या चार आठवड्यांत हिमोग्लोबिन बहुधा २ ते ३ ग्रॅमने उतरते, ते यामुळे.

मग सर्वांचेच का उतरत नाही? २०१० साली याचे सुंदर उत्तर मिळाले. आयटीपीए नावाचे एक विकर पेशीतला आयटीपी हा टाकाऊ रेणू साफ करत असते. काहींच्या जनुकात जन्मतःच असा बदल असतो की हे विकर मंद चालते आणि तांबड्या पेशींत आयटीपी साचत जातो. एटीपी तयार होण्याच्या साखळीत एका पायरीवर जीटीपी हा एटीपीचाच भाऊबंद रेणू लागतो आणि रिबाव्हिरिनमुळे नेमकी त्याचीच चणचण होते. तिथे साचलेला आयटीपी जीटीपीच्या जागी उभा राहतो आणि एटीपीचे उत्पादन चालू राहते. ज्याला एरवी दोष म्हटले असते, तो इथे पेशीला तारतो. एकाच गोळीने शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाला काही होत नाही आणि आपल्या माणसाला धाप लागते, याला पथ्य मोडणे किंवा नशीब जबाबदार धरण्यापूर्वी हे जनुक आठवावे.

लोहाच्या गोळ्या का नकोत, हे आता सांगता येईल. प्लीहेत पेशी गिळली जाते तेव्हा तिच्यातले लोह वाया जात नाही; भक्षक पेशी ते सोडवून अस्थिमज्जेकडे परत पाठवतात. निरोगी माणसातही रोज सुमारे २० ते २५ मिलिग्रॅम लोह असे फिरून वापरले जाते आणि आहारातून जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम नवे घेतले जाते. पेशी आतल्या आत फुटत असताना कच्चा माल भांडारात पडूनच असतो. त्यातच हिपॅटायटिस सीच्या रुग्णाच्या यकृतात लोह आधीच जास्त साठलेले असू शकते आणि जास्तीचे लोह यकृताला अपायकारक असते. याहून मोठा धोका निराळाच आहे. सिरोसिसच्या रुग्णाच्या अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांतून रक्तस्राव होऊ शकतो आणि डांबरासारखा काळा शौच ही त्याची खूण असते. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळाच होतो. म्हणजे तातडीने रुग्णालय गाठायला सांगणारी घंटाच आपण झाकून टाकतो. रक्ततपासणीत लोहाची कमतरता खरोखरच दिसली तर डॉक्टर लोह देतील. पेशींची उलाढाल वाढल्याने फॉलिक आम्लही काही वेळा दिले जाते. साखरेचा विकार नसेल तर गुळाचा खडा खुशाल खावा, पण त्याला औषध समजू नये.

पेशी फुटल्या की रक्तातले बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य वाढते आणि डोळे किंचित पिवळे दिसू लागतात. इथे दुसरा घोळ सुरू होतो. 'कावीळ उलटली' म्हणून रुग्णाला माळ घालायला नेले जाते. ती माळ दिवसागणिक लांब होते ती कावीळ उतरते म्हणून नव्हे. ओल्या काड्यांचे तुकडे वाळून आक्रसतात, गाठी सैल पडतात आणि दोरा मोकळा होतो. कावीळ नसलेल्या माणसाच्या गळ्यात, किंवा अगदी खुंटीला टांगूनही ती तितकीच वाढते. नाकात कडू रस सोडून पिवळे पाणी काढण्याचा प्रकार तर सरळ इजा करणारा आहे. ते पाणी म्हणजे होरपळलेल्या नाकाचा स्राव असतो. पिवळेपणा दिसला तर रक्तातले बिलिरुबिन मोजून घ्यावे, कारण तो पेशी फुटल्याने आहे की यकृत आणखी खचल्याने, हे डोळ्यांना पाहून कळत नाही.

उपाय मात्र साधा आहे, तो म्हणजे मात्रेचा हिशेब. पूर्ण मात्रा ७५ किलोखालील रुग्णाला दिवसाला १००० मिलिग्रॅम आणि त्यावरील वजनाला १२०० मिलिग्रॅम असते. यकृत फार खचलेले असेल तर ६०० पासून सुरुवात करतात. हिमोग्लोबिन उपचारापूर्वी, मग दुसऱ्या व चौथ्या आठवड्यात आणि पुढेही मोजतात. ते १० च्या खाली गेले की मात्रा ६०० वर आणतात, ८.५ च्या खाली गेले की रिबाव्हिरिन थांबवतात. हृदयविकार असलेल्यांना इतकी ढील देत नाहीत. चार आठवड्यांत २ ग्रॅमची घट झाली तरी मात्रा कमी होते. हे औषध मूत्रपिंडातून बाहेर पडते आणि डायलिसिसने फारसे निघत नाही, त्यामुळे मूत्रपिंड कमजोर असलेल्याच्या पेशींत ते आणखी साचते. इंटरफेरॉनच्या काळी मात्रा घटवायला डॉक्टर कचरत आणि त्याऐवजी अस्थिमज्जेला चालना देणारी एरिथ्रोपोएटिनची महागडी इंजेक्शने देत. आता विषाणूवरचा मुख्य वार नवी औषधे करतात, त्यामुळे मात्रा घटवणे बरेच निर्धास्तपणे करता येते. धाप, छातीत दुखणे किंवा भोवळ असेल तर रक्त चढवावे लागू शकते. मात्रा मनानेच कमी करणे आणि घाबरून सोफोसबुव्हिरची गोळीही बंद करणे, या दोन चुका मात्र घरोघरी होतात.

मधुमेही रुग्णांसाठी एक सूचना आहे. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी ही तपासणी तांबडी पेशी पुरेसे दिवस जगते, हे गृहीत धरते. पेशी लवकर मरत असतील तर तिच्यावर साखर चढायला वेळच मिळत नाही आणि आकडा फसवा, कमी येतो. या काळात बोटाला टोचून केलेल्या रोजच्या तपासणीवर विसंबावे.

काकूंची मात्रा ६०० वर आणली गेली, लोहाच्या गोळ्या कपाटात गेल्या आणि पुढच्या दोन तपासण्यांत आकडा ९ च्या वरच राहिला. लगेच वर चढेल ही घरच्यांची अपेक्षा मात्र फोल ठरली, कारण सापळ्यात आधी अडकलेले औषध ओसरायला आठवडे जातात. याच रेंगाळण्यापायी आणखी एक पथ्य आहे आणि ते बोलायला घरात संकोच होतो. रिबाव्हिरिन गर्भाला घातक आहे, त्यामुळे उपचार चालू असताना आणि संपल्यावर निदान नऊ महिने गर्भधारणा टाळावी लागते, आणि औषध घेणारा पुरुष असला तर त्याच्या पत्नीलाही उपचार संपल्यावर निदान सहा महिने हेच लागू होते. काकूंच्या वयाला हा प्रश्न नव्हता, पण त्यांच्याच रांगेत गोळ्या घ्यायला उभ्या असलेल्या तिशीतल्या तरुणाला तो होता, आणि त्याच्या हातातले पत्रक कन्नडमध्ये असल्याने त्याला तो ठाऊक नव्हता.